सर्वांसाठी म्हणजे कोणासाठी?

माघ महिन्याची थंडी ओसरू लागली की रायपूर शहराभोवतीच्या मैदानाचे रूप पालटते. धानाची कापणी आणि मळणी केव्हाच आटोपलेली असते. बांध्यांमध्ये लाखोळी आणि हरभरा काढणीला येतो. आंब्याला मोहर फुटतो, पळस फुलू लागतो आणि खारून नदीचे पाणी उतरून काठची वाळू उघडी पडते. शेतकऱ्याला वर्षभरात क्वचित लाभणारी सवड या दिवसांत लाभते. म्हणूनच वसंताची चाहूल लागण्याचा हा काळ छत्तीसगडच्या खेड्यापाड्यांत मेळ्यांचा आणि मडईचा असतो, तर रायपूरमधील मराठी घरांत तो हळदीकुंकू, शिवजयंती, मराठी भाषा गौरव दिन, होळी आणि गुढीपाडवा अशा समारंभांचा असतो.

या समारंभांच्या निमंत्रणपत्रिका पाहिल्या, तर त्यांत एक वाक्य ठरलेले आढळते : 'सर्वांनी सहकुटुंब, सहपरिवार उपस्थित राहावे.' हे वाक्य इतके सवयीचे झाले आहे, की त्याचा अर्थ कोणी विचारत नाही. या लेखात तोच विचारायचा आहे. सर्वांनी म्हणजे नेमके कोणी? आजीने? दहावीच्या मुलीने? पती गमावलेल्या काकूंनी? शेजारच्या छत्तीसगढी कुटुंबाने? आणि शाळा अर्ध्यावर सुटलेल्या, चारचौघांत बोलायला संकोचणाऱ्या माणसाने? समारंभाचे दार उघडे असणे ही एक गोष्ट आहे आणि आत गेल्यावर आपल्यासाठी जागा असणे ही अगदी वेगळी गोष्ट आहे.

प्रथम मेळ्यांकडे पाहू. रायपूरपासून सुमारे पंचेचाळीस किलोमीटर अंतरावर राजिम हे गाव आहे. तेथे महानदी, पैरी आणि सोंढूर या नद्यांचा संगम होतो. माघ पौर्णिमेपासून महाशिवरात्रीपर्यंत, म्हणजे सुमारे पंधरा दिवस, येथे मेळा भरतो. छत्तीसगढी बोलीत पौर्णिमेला 'पुन्नी' म्हणतात, म्हणून हा पुन्नी मेळा. गेल्या वीस वर्षांत या मेळ्याचे सरकारी नाव एकापेक्षा अधिक वेळा बदलले. परंतु लोकांच्या तोंडी जुनेच नाव टिकून आहे. महाशिवरात्र मराठी पंचांगाप्रमाणे माघ महिन्यात येते आणि येथील पंचांगाप्रमाणे फाल्गुनात; कारण आपला महिना अमावास्येला संपतो आणि त्यांचा पौर्णिमेला. नावे दोन असली, तरी दिवस एकच असतो.

राजिमच्या मेळ्यात कोणी नुसता प्रेक्षक नसतो. म्हातारी माणसे संगमावर स्नान करून राजीवलोचनाचे आणि नदीपात्रातील कुलेश्वर महादेवाचे दर्शन घेतात. संसारी स्त्रिया वर्षभर लागणाऱ्या वस्तूंची खरेदी करतात. लहान मुले पाळण्यात बसतात, तरुण मंडळी सोयरिकीच्या गाठीभेटींत आणि खेळतमाशांत रमतात. प्रत्येक जण आपापल्या कारणासाठी येतो आणि तरीही सर्व जण एकाच वाळूवर वावरतात. रायपूर-बिलासपूर मार्गाजवळील दामाखेडा येथे माघात भरणारा कबीरपंथीयांचा मेळा आणि गुरू घासीदास यांच्या जन्मस्थानी, गिरौदपुरी येथे फाल्गुनात भरणारा मेळा यांतही हेच दिसते. सर्व माणसे समान आहेत ही गुरू घासीदासांची शिकवण होती. तिची आठवण अशा गर्दीत चालताना सहज होते.

आता शहरातील मराठी समाजाकडे वळू. हा समाज येथे काल-परवा आलेला नाही. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांचे सरदार भास्करपंत यांनी बंगालच्या मोहिमेवर जाताना रतनपूरचे राज्य जिंकले. पुढे १७५८ पासून बिंबाजी भोसले यांनी रतनपुरात राहून छत्तीसगडचा कारभार पाहिला. १८५४ मध्ये इंग्रजांनी नागपूरचे राज्य खालसा केले आणि १८६१ मध्ये मध्यप्रांत निर्माण केला. तेव्हापासून १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत नागपूर आणि रायपूर ही शहरे एकाच प्रांतात होती. साहजिकच विदर्भातून शिक्षक, वकील, कारकून आणि व्यावसायिक येथे येत राहिले व येथलेच झाले. रायपूरमधील महाराष्ट्र मंडळाची स्थापना १९३५ ची आहे.

या समाजाने स्वतःभोवती कुंपण घातले नाही, हे त्याचे भूषण आहे. माधवराव सप्रे (१८७१-१९२६) यांची मातृभाषा मराठी होती. त्यांनी १९०० मध्ये पेंड्रा येथून 'छत्तीसगढ़ मित्र' हे हिंदी मासिक सुरू केले. त्याच्या प्रकाशनाची धुरा रायपूरच्या वामनराव लाखे यांनी वाहिली. समर्थ रामदासांचा 'दासबोध' आणि लोकमान्य टिळकांचे 'गीतारहस्य' हे ग्रंथ सप्रे यांनीच हिंदीत नेले. म्हणजे आपल्याजवळचे उत्तम ते शेजाऱ्याला द्यावे, ही येथील मराठी माणसाची जुनी रीत आहे. आजचे आपले समारंभ या रीतीला किती जागतात, हे पाहणे म्हणूनच आवश्यक ठरते.

मकरसंक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाचे समारंभ होतात. स्त्रियांनी एकत्र यावे, तिळगूळ द्यावा, वाण लुटावे, चार सुखदुःखाच्या गोष्टी बोलाव्यात, हा त्यातील सुंदर भाग. परंतु शतकानुशतके या समारंभातून पती निधन पावलेल्या स्त्रीला वगळले गेले. ज्या स्त्रीला सोबतीची सर्वांत अधिक गरज, तिलाच दाराबाहेर ठेवायचे, यात कोणते मांगल्य आहे? २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड या गावाच्या ग्रामसभेने विधवांच्या वाट्याला येणाऱ्या अवमानकारक प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि महाराष्ट्र शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही त्याचे अनुकरण करण्याचे आवाहन केले. एक गाव जे करू शकते, ते एखाद्या शहरातील गल्लीला किंवा महिला मंडळाला अवघड असू नये. निमंत्रण देताना कपाळाकडे नव्हे, माणसाकडे पाहावे, एवढेच त्यासाठी करावे लागते.

दुसरा वगळला जाणारा वर्ग तरुण मुलांचा. माघ-फाल्गुन म्हणजे फेब्रुवारी-मार्च, आणि फेब्रुवारी-मार्च म्हणजे परीक्षा. 'यंदा तिची दहावी आहे, ती येणार नाही,' हे वाक्य प्रत्येक घरात ऐकू येते. दहावीनंतर बारावी येते, बारावीनंतर प्रवेशपरीक्षा आणि मग महाविद्यालयाच्या परीक्षा. त्यानंतर मुलगा किंवा मुलगी नोकरीसाठी पुणे, हैदराबाद किंवा बंगळूरला जाते. हिशेब केला तर असे दिसते, की पंधराव्या वर्षापासून बाविसाव्या वर्षापर्यंत ते मूल एकाही वसंतोत्सवात मनापासून सहभागी झालेले नसते. ज्या वयात माणूस समाजाचे काम शिकतो, नेमके तेच वय आपण गमावतो. मग पुढे 'नवी पिढी येत नाही' अशी तक्रार करण्यात काय अर्थ आहे?

यावर पालकांचे म्हणणे असे, की मुलांच्या भवितव्याशी खेळ करता येणार नाही. त्यांची काळजी खरी आहे आणि ती हसण्यावारी नेऊ नये. परंतु अभ्यासाला बाधा कशाने येते, हेही नीट पाहिले पाहिजे. संध्याकाळी तासभर मांडवात जाऊन पाहुण्यांना पाणी दिल्याने किंवा फलक रंगवल्याने अभ्यास बुडत नाही. उलट थकलेल्या मनाला विसावा मिळतो. अभ्यास बुडतो तो घराच्या खिडकीवर चार-चार तास आदळणाऱ्या ध्वनिवर्धकाच्या कर्कश आवाजाने. म्हणजे ज्या मुलांना आपण समारंभात बोलावत नाही, त्यांनाच समारंभाचा त्रास मात्र पोचवतो.

हा त्रास वृद्धांना आणि आजाऱ्यांनाही तितकाच होतो. याविषयी २००० सालचे ध्वनिप्रदूषणविषयक नियम स्पष्ट आहेत. रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत उघड्या जागी ध्वनिवर्धक वाजवण्यास मनाई आहे. ठरावीक सणांच्या मोजक्या दिवशीच शासन त्यात सवलत देऊ शकते. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी घालून दिली आहे. रुग्णालय, शाळा आणि न्यायालय यांच्याभोवतीचा किमान शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून घोषित करता येतो. हे नियम उत्सवाच्या विरोधात नाहीत. ज्यांना मांडवापर्यंत येता येत नाही, त्यांचाही विचार करा, एवढेच ते सांगतात. फाग गाणाऱ्यांच्या नगाऱ्याला विजेची गरज कधीच नव्हती. तो थांबला की शांतता होते आणि माणसे एकमेकांशी बोलू लागतात.

होळीचेही तसेच आहे. छत्तीसगडमध्ये वसंत पंचमीला होळीच्या जागी एरंडाची फांदी रोवतात आणि तेव्हापासून फागाचे सूर घुमू लागतात. महाराष्ट्रातही अनेक ठिकाणी होळीच्या मध्यभागी एरंड उभा करतात. विदर्भात लहान मुले शेणाच्या चाकोल्या थापून, वाळवून, त्यांच्या माळा होळीला घालतात. घरात पुरणपोळी होते, तरुण लाकडे जमवतात, वडीलधारे पूजा सांगतात. या जुन्या व्यवस्थेत प्रत्येक वयाला एकेक काम नेमून दिलेले होते. दुसऱ्या दिवशीच्या रंगात मात्र हे भान हरपते. मद्यपान, अंगलट येणे आणि नको असलेल्यावर बळजबरीने रंग टाकणे यांमुळे अनेक स्त्रिया त्या दिवशी घराबाहेर पडणेच टाळतात. शहराचा अर्धा भाग दार लावून आत बसतो, त्या दिवसाला सार्वजनिक सण कसे म्हणावे?

भाषेच्या समारंभातही कोणी ना कोणी बाहेर राहते. २७ फेब्रुवारी हा कवी कुसुमाग्रज यांचा जन्मदिवस आपण मराठी भाषा गौरव दिन म्हणून साजरा करतो. २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्यापासून या दिवसाचा उत्साह वाढला आहे. परंतु अशा दिवशी बहुधा वक्तृत्वाची स्पर्धा होते, निबंधांना बक्षिसे मिळतात आणि भाषणे होतात. ज्याला लिहिता-बोलता येते, तो व्यासपीठावर जातो. बाकीचे टाळ्या वाजवतात. शेतावर, दुकानात किंवा स्वयंपाकघरात आयुष्यभर मराठी बोललेल्या, पण शाळेत फार न गेलेल्या माणसाला त्या दिवशी कोणी काही विचारत नाही. हिंदी किंवा छत्तीसगढी घरातून आलेली सून मागच्या रांगेत अवघडून बसते. वास्तविक, भाषा टिकवण्याचे काम या दोघांच्या हातांत अधिक आहे. एकाजवळ म्हणी, ओव्या आणि कामाचे शब्द साठलेले आहेत; दुसरी आपल्या मुलाशी कोणती भाषा बोलते, यावर पुढची पिढी ठरणार आहे.

येथे कोणी असेही म्हणेल, की प्रत्येक कार्यक्रम सर्वांसाठी कसा असू शकेल? स्त्रियांना मोकळेपणाने बोलण्यासाठी स्वतःची बैठक हवी, मुलांना त्यांचे खेळ हवेत, ज्येष्ठांना त्यांचे भजन हवे. हे म्हणणे रास्त आहे आणि मला ते मान्यही आहे. वेगवेगळ्या वयांचे वेगवेगळे कार्यक्रम असण्यात काहीच वावगे नाही. परंतु असे कार्यक्रमच उरले आणि सर्व वयांना एकत्र आणणारा एकही दिवस उरला नाही, तर मग आजोबांना नातवाचे आणि नातवाला आजोबांचे जग कळणार कोठून? शिवाय वेगळी बैठक आपण होऊन निवडणे आणि दुसऱ्याने आपल्याला वगळणे, यांत मोठा भेद आहे.

या साऱ्याच्या मुळाशी एक बदल आहे. समारंभ पूर्वी लोक करीत असत. आता बहुतेक लोक तो पाहतात. मांडव कंत्राटदार घालतो, जेवण आचारी पुरवतो, गाणी ध्वनिवर्धक म्हणतो आणि सूत्रसंचालन एक जण करतो. उरलेल्या शेकडो माणसांसाठी फक्त खुर्च्या असतात. खुर्चीवर बसलेला माणूस कंटाळला की उठून जातो, कारण त्याच्या जाण्याने काहीच अडत नाही. ज्याच्या हातात काम असते, तो मात्र थांबतो. म्हणून मला असे वाटते, की समारंभ सर्वांसाठी आहे की नाही हे ओळखण्याची एकच सोपी कसोटी आहे : त्यात प्रत्येक वयाच्या माणसाला करण्याजोगे काही काम आहे काय?

या कसोटीला उतरणारा सण शोधण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. वसंताच्या थोडे आधी, पौष पौर्णिमेला, छत्तीसगडमध्ये छेरछेरा साजरा होतो. नवे धान घरात आलेले असते. मुले टोपल्या आणि पिशव्या घेऊन दारोदार जातात, मोठी माणसेही गात-नाचत निघतात आणि प्रत्येक घर त्यांना धान देते. त्या दिवशी श्रीमंताच्या मुलालाही मागण्याची लाज वाटत नाही आणि गरिबाचे घरही देण्याचा मान सोडत नाही. लहान मूल मागते, आजी ओंजळ भरून देते, तरुण गोळा झालेले धान वाहून नेतात. खर्च जवळजवळ नाही, निमंत्रणपत्रिका नाही; परंतु कोणी वगळलेला नाही. दूरच्या इराणातही वसंतारंभीच्या नवरोजनंतर तेराव्या दिवशी कुटुंबेच्या कुटुंबे, लहानथोरांसह, घरे सोडून मोकळ्या हवेत जेवायला जातात. माणसांना एकत्र येण्यासाठी फार सामग्री लागत नाही, हेच अशा चालीरीती सांगतात.

मग आपण काय करावे? परीक्षांच्या महिन्यांत कार्यक्रम सायंकाळी लवकर सुरू करून आठ वाजेपर्यंत संपवावेत आणि आवाज मांडवापुरता ठेवावा. दहावी-बारावीच्या मुलांना दिवसभर अडकवू नये, पण तासाभराचे एखादे जबाबदारीचे काम अवश्य द्यावे. हळदीकुंकवाचे वाण प्रत्येक स्त्रीला सारख्याच मानाने द्यावे. होळीच्या रंगासाठी अशी एक जागा आणि वेळ ठरवावी, जेथे स्त्रिया, मुले आणि वृद्ध निर्धास्तपणे येऊ शकतील. भाषा दिनी स्पर्धेच्या जोडीला एक वेगळा उपक्रम घ्यावा : ज्येष्ठांनी जुन्या म्हणी, पाककृती, शेतीतील आणि व्यवसायातील शब्द सांगावेत आणि मुलांनी ते वहीत लिहून घ्यावेत. सांगणाऱ्याला अक्षरओळख असण्याची अट नाही आणि लिहिणाऱ्याला सारे शब्द आधी ठाऊक असण्याचीही नाही. त्याच मांडवात शेजारच्या फाग मंडळीला बोलवावे आणि आपला पाडवा त्यांच्या अंगणात न्यावा. सप्रे यांनी ग्रंथांच्या बाबतीत जे केले, तेच आपण पुरणपोळीच्या आणि गाण्याच्या बाबतीत करू शकतो.

मुक्त विद्यालयात शिकणाऱ्या आपणा सर्वांशी या विषयाचा निकटचा संबंध आहे. शिक्षणाचे वय ठरलेले असते, ते उलटले की दार बंद होते, असे आपल्याला कधी ना कधी कोणीतरी सांगितलेले असते. तरीही आपण पुन्हा पुस्तक हाती घेतले. एखाद्या दाराबाहेर उभे राहणे म्हणजे काय, हे आपल्याला इतरांहून अधिक कळते. त्यामुळे आपल्या गल्लीतील पुढच्या समारंभाची बैठक भरेल, तेव्हा आपण मागच्या खुर्चीवर गप्प बसू नये. यादीत कोण राहून गेले, हे विचारावे. कोणाला काय काम देता येईल, हे सुचवावे. आणि स्वतःकडे एखादे काम मागून घ्यावे.

फाल्गुन संपून चैत्र लागेल, दारोदार गुढ्या उभ्या राहतील. गुढी उभारायला काठी धरणारा एक हात लागतो, गाठी आणि कडुलिंबाची डहाळी बांधणारा दुसरा लागतो आणि ती सरळ आहे की नाही, हे खालून पाहून सांगणारे एक लहान मूलही लागते. निमंत्रणपत्रिकेतील 'सर्वांनी' या शब्दाचा अर्थ यापेक्षा वेगळा नाही.